अँप आधी ऐका, मग उघडा

गिटारचा अँप बिघडला की हात आधी स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. मागचं पॅनल निघतं, बोर्डावरचे शंभरेक भाग समोर येतात, आणि यातला नेमका कोणता गेलाय हे कसं ओळखायचं, या प्रश्नापाशी काम अडतं. खरं म्हणजे निम्मं निदान पॅनल न उघडताच होतं. बिघडलेला अँपसुद्धा काहीतरी सांगत असतो. तो घूं करतो, खरखरतो, पंधरा मिनिटं नीट वाजून मग दबतो, नाहीतर दिवा लागूनही मुका राहतो. यातल्या प्रत्येक लक्षणाचं मूळ आत ठरावीक जागी असतं. ती जागा कान, एक साधा मल्टिमीटर आणि धीर यांच्या जोरावर घरी शोधता येते.

इथे डोळ्यांसमोर आहे तो सरावासाठी घरोघरी असतो तसला अँप: दहा ते पन्नास वॅटचा, आठ किंवा दहा इंची स्पीकर त्याच पेटीत बसवलेला, ट्रान्झिस्टर आणि आयसीवर चालणारा, आत लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर असलेला. व्हॉल्व्हच्या अँपचं शास्त्र वेगळं आहे, त्याच्याकडे शेवटी येऊ.

आधी विजेचं बोलायला हवं. अशा अँपच्या बोर्डावर साधारण १५ ते ४० व्होल्ट डीसी खेळत असतं. तेवढ्याने जिवाला धोका नसतो. पण त्याच पेटीत प्लगपासून फ्यूज, स्विच आणि ट्रान्सफॉर्मरच्या पहिल्या गुंडाळीपर्यंत २३० व्होल्ट येतात, आणि त्यांची टोकं बऱ्याचदा उघडी असतात. स्विच बंद केला तरी स्विचच्या एका टोकाला वीज असतेच. म्हणून पॅनल उघडायचं ते प्लग भिंतीतून काढून, आणि उघडल्यावर पहिलं काम म्हणजे ती टोकं इन्सुलेशन टेपने किंवा श्रिंक ट्यूबने झाकणं. नंतर चालू अँपवर मोजमाप करावं लागेल तेव्हा एक हात खिशात, पायात कोरडी रबरी चप्पल आणि घरात दुसरं कुणीतरी जागं, एवढं पाळायचं. हातात घेतल्यावर अँप फारच हलका लागला, आत जड ट्रान्सफॉर्मर दिसलाच नाही, तर तो स्विचिंग सप्लायवर चालणारा आहे. त्याच्या सप्लायच्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकू शकतं. त्या अँपचे जॅक आणि कंट्रोल बाहेरून साफ करावेत, सप्लायला हात लावू नये.

विजेचाच दुसरा मुद्दा अर्थिंगचा. आपल्याकडे पुष्कळ लोक सांगतात की गिटारच्या तारांना हात लावला की झिणझिण्या येतात. गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलच्या जाळीतून अँपच्या धातूच्या चासीला जोडलेल्या असतात, आणि चासी थ्री-पिन प्लगच्या जाड पिनेमार्गे जमिनीला जोडलेली असायला हवी. जुन्या इमारतीत सॉकेटला अर्थिंगची वायरच नसते, मांडवातल्या एक्स्टेंशन बोर्डात ती अर्ध्यावर तुटलेली असते, काही जण घूं कमी व्हावी म्हणून जाड पिन मुद्दाम काढतात. मग चासीवर गळून आलेली वीज वाजवणाऱ्याच्या अंगातून वाट शोधते. एका हातात गिटार आणि ओठांजवळ दुसऱ्या यंत्रणेचा माइक असेल तर परिणाम भयंकर होऊ शकतो. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली स्वॉन्सीच्या रंगमंचावर असाच गेला. हातात गिटार असताना त्याने अर्थिंग नसलेल्या माइकला स्पर्श केला होता. म्हणून झिणझिण्या हा घरच्या वायरिंगचा दोष समजून इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट तपासून घ्यावं, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. गाणं-बजावणं नंतर.

आता सिग्नलची वाट. पिकअपमधून निघतो तो सिग्नल अगदी लहान, व्होल्टच्या दहाव्या-विसाव्या हिश्श्याएवढा. तो इनपुट जॅकमधून प्रीअँपमध्ये जातो. तिथे गेन आणि टोनचे कंट्रोल त्याला आकार देतात. पुढे बऱ्याच अँपमध्ये इफेक्ट लूपचे दोन जॅक असतात, सेंड आणि रिटर्न. त्यानंतर मास्टर व्हॉल्यूम, मग पॉवर अँप, मग हेडफोनच्या जॅकमधला एक छोटा स्प्रिंगचा संपर्क आणि शेवटी स्पीकर. सप्लाय या सगळ्यांना खालून पोसतो. ही वाट डोक्यात पक्की असली की दोष शोधणं म्हणजे वाटेचे दोन तुकडे करत जाणं. मध्येच कुठेतरी सिग्नल घुसवायचा. वाजला तर दोष अलीकडे, नाही वाजला तर पलीकडे. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग.

पहिला तुकडा गिटार आणि केबलचा. दुसरी केबल लावून बघायची. दुसरी नसेल तर मल्टिमीटर बीपवर ठेवून केबलच्या एका प्लगचं टोक दुसऱ्या प्लगच्या टोकाला आणि दांडा दांड्याला लागतो का, आणि टोक व दांडा एकमेकांत भिडलेले नाहीत ना, हे तपासायचं. तपासताना प्लगजवळ वायर वाकवून बघायची, कारण ती तुटते तिथेच. गिटारमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असेल तर ती बदलायची. केबल लावूनच ठेवलेल्या गिटारची बॅटरी उतरते आणि आवाज फाटका, दबका होतो. दोष मात्र अँपच्या माथी येतो.

मग अँपवरचे बाकीचे जॅक. मोबाइल लावायला ऑक्स इनपुट असेल तर त्यात गाणं वाजवावं. ऑक्सचा सिग्नल बहुधा प्रीअँपला वळसा घालून आत शिरतो. गाणं स्वच्छ वाजलं आणि गिटार वाजली नाही, तर पॉवर अँप, सप्लाय आणि स्पीकर एका फटक्यात निर्दोष सुटले. इफेक्ट लूप असेल तर गिटार सरळ रिटर्नमध्ये लावावी. पॉवर अँप ठीक असेल तर क्षीण का होईना, आवाज येतो. हेडफोनमध्ये आवाज नीट येतो पण स्पीकर मुका, तर दोष हेडफोनच्या जॅकमध्ये, स्पीकरच्या वायरीत किंवा स्पीकरमध्ये. स्क्रू एकही न काढता आपण इथवर येतो.

आता घूं. या एका आवाजात सगळ्यांत जास्त माहिती असते, म्हणून इथे रेंगाळायला हरकत नाही. गिटारची केबल काढून टाका. घूं थांबली तर अँप निर्दोष आहे. गिटार, केबल किंवा खोलीतली वीज बोलते आहे. सिंगल कॉइल पिकअपची गिटार ट्रान्सफॉर्मरजवळ, ट्यूबलाइटजवळ किंवा पंख्याच्या रेग्युलेटरजवळ घूं करणारच. गिटार घेऊन जागेवर गोल फिरलात आणि घूं कमीजास्त झाली, तर ती पिकअप हवेतून उचलतं आहे याची खात्री पटते. केबल काढूनही घूं चालू राहिली, तर मास्टर व्हॉल्यूम शून्यावर आणा. घूं गेली तर तिचा उगम मास्टरच्या आधी, प्रीअँपमध्ये. तसूभरही बदलली नाही तर उगम मास्टरच्या पुढे, आणि तेव्हा पहिला संशय सप्लायवर घ्यायचा.

त्या घूंचा सूर ओळखता आला तर संशय आणखी बारीक होतो. आपली वीज ५० हर्ट्झची. अँपमधला ब्रिज रेक्टिफायर तिच्या दोन्ही अर्ध्या लाटा एकाच दिशेला वळवतो, म्हणून कपॅसिटरवर सेकंदाला १०० ठोके पोचतात. हे ठोके सपाट करणं हे मोठ्या फिल्टर कपॅसिटरचं काम. ते वाळले की १०० हर्ट्झ थेट स्पीकरपर्यंत येतं. जी केबलच्या तुटलेल्या जाळीतून किंवा पिकअपमधून येते ती घूं मुळात ५० हर्ट्झची. हा फरक ओळखायला गिटार हातात आहेच. सहाव्या, म्हणजे सगळ्यांत जाड तारेच्या तिसऱ्या पट्टीवरचा जी हा ९८ हर्ट्झचा. अँपची घूं त्याच्या जवळजवळ जुळत असेल, किंचित चढी लागत असेल, तर ती १०० ची. ५० हर्ट्झचा सूर त्याच्याही एक सप्तक खाली, गिटारच्या आवाक्याबाहेर असतो. आठ इंची स्पीकरला एवढा खालचा सूर नीट वाजवता येत नाही, त्यामुळे कान फसू शकतो. मोबाइलवरचं स्पेक्ट्रम दाखवणारं कोणतंही अ‍ॅप मग पंच होतं: ५० आणि १५० वर शिखरं दिसली तर बाहेरून आलेली घूं, फक्त १००, २००, ३०० वर दिसली तर फिल्टर. आणि पॉवर अँपमधून ५० हर्ट्झ येत असेल, तर ब्रिजमधला एखादा डायोड उघडा पडून अर्ध्या लाटा गायब झाल्याची शक्यताही धरावी.

खरखरीचं निदान त्यामानाने सोपं. कंट्रोल फिरवतानाच खरखर होत असेल तर त्या कंट्रोलमधल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ आणि ऑक्साइड साचलंय. केबल हलवल्यावर होत असेल तर जॅक. कशालाही हात न लावता होत असेल तर एखादा सैल टाका किंवा आवाज करू लागलेली आयसी. या तीनपैकी पहिली दोन कारणं आपल्या हवेत फार. समुद्रालगत पावसाळ्याचे चार महिने बंद पडून राहिलेला अँप दसऱ्याला काढला की खरखरतोच. मोठ्या विश्वासाने सांगावंसं वाटतं की घरच्या अँपच्या तक्रारींत सगळ्यांत मोठा वाटा अशा यांत्रिक गोष्टींचा असतो: जॅक, कंट्रोल, स्विच, सुटलेले टाके. आयसी आणि ट्रान्झिस्टर उगीच बदनाम होतात.

जॅककडे जरा नीट बघा. हा पाव इंची जॅक एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडला आणि त्याच मापाने गिटारपर्यंत आला. त्याच्या आत नुसती प्लग धरणारी पट्टी नसते. पुष्कळ जॅकमध्ये एक जास्तीची स्प्रिंगची पट्टी असते, जी प्लग नसताना दोन टोकं जोडून ठेवते आणि प्लग घातला की सोडते. हेडफोन घातले की स्पीकर बंद होतो तो हिच्यामुळे. इफेक्ट लूपला काही लावलेलं नसताना सेंडचा सिग्नल रिटर्नमध्ये जातो तोही हिच्यामुळे. म्हणजे जे जॅक आपण वर्षानुवर्षं वापरत नाही, त्यांच्या आतल्या संपर्कातूनच रोजचा सगळा सिग्नल जात असतो. न वापरल्यामुळे ते घासले जात नाहीत आणि त्यांच्यावर काळा थर चढतो. आवाज अधूनमधून जातो, अँपवर थाप मारली की परत येतो, जोरात वाजवलं की अचानक उसळतो. ही सगळी त्याची लक्षणं. तपासणी फुकटची: बंद अँपच्या हेडफोन जॅकमध्ये प्लग दहा वेळा आत-बाहेर करा. लूप असेल तर सेंड आणि रिटर्न एका आखूड केबलने जोडा. एवढ्याने आवाज परतला तर रोग सापडला.

साफसफाईला इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर वापरावा. सायकलच्या साखळीला मारतो तो साधा गंजरोधक स्प्रे इथे नको, त्याचा चिकट तवंग धूळ धरून ठेवतो. क्लीनर प्लगवर मारून तो प्लग जॅकमध्ये पुष्कळदा फिरवावा. कंट्रोलसाठी त्याच्या तीन पायांजवळच्या फटीतून बारीक नळीने एक छोटा फवारा सोडावा आणि दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवावी. सगळं पूर्ण सुकल्याशिवाय वीज देऊ नये. साफ करूनही दोन दिवसांत खरखर परतली, तर मीटर डीसीवर ठेवून त्या कंट्रोलच्या पायांवर व्होल्टेज बघावं. तिथे एरवी जवळपास शून्य असतं. काही दशांश व्होल्ट दिसले तर त्याच्या आधीचा कपलिंग कपॅसिटर गळतो आहे आणि डीसी कंट्रोलमध्ये शिरतंय. मग कंट्रोल कितीही धुवा, फरक पडणार नाही. त्या एका स्वस्त कपॅसिटरपायी पुष्कळ चांगले कंट्रोल उगाच बदलले जातात.

आता पॅनल उघडू. प्लग काढलेला, पाच-दहा मिनिटं गेलेली. मोठे कपॅसिटर तरीही भरलेले असू शकतात. १०० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स दोन इन्सुलेटेड क्लिपांना जोडून त्यांच्या पायांना काही सेकंद लावावा आणि मीटरने शून्य झाल्याचं बघावं. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडायची पद्धत दिसायला शूर, पण तिने कपॅसिटरही खराब होतात आणि बोर्डाची पट्टीही जळते. वायरी काढण्याआधी चारही बाजूंनी मोबाइलने फोटो काढावेत.

पुढचा अर्धा तास फक्त बघण्यात घालवावा, तो वाया जात नाही. कपॅसिटरचा माथा फुगलाय का, बुडाशी तपकिरी डाग आहे का, कुठला रेझिस्टन्स काळवंडलाय, बोर्ड कुठे भाजून पिवळा पडलाय. आपल्याकडच्या अँपमध्ये झुरळं आणि पालीही सापडतात, आणि त्यांनी केलेलं शॉर्टसर्किट खरंच घडतं. मग बोर्ड उलटा करून भिंगातून टाके बघावेत. जॅकच्या पायाभोवती, कंट्रोलच्या पायांशी आणि जड किंवा गरम होणाऱ्या भागांखाली शिशाच्या टाक्यात केसाएवढी गोल चीर पडलेली असते. मेकॅनिक याला ड्राय सोल्डर म्हणतात. दर वेळी प्लग घालताना जॅकवर जोर येतो, जॅकची नट सैल असेल तर तो सगळा टाक्यावर येतो. मोठ्या अँपमध्ये मुख्य सप्लायपासून प्रीअँपसाठी १५ व्होल्ट बनवणारे दोन झेनर डायोड आणि त्यांच्याआधीचे दोन रेझिस्टन्स असेच तापतात आणि स्वतःचे टाके सोडवतात. चीर दिसली की नुसतं वरून शिसं ओतू नये. जुनं शिसं पंपाने ओढून, फ्लक्स लावून नवा टाका घालावा आणि जॅकची नट घट्ट करावी. पुष्कळ अँप इथेच बरे होतात.

इथवर काही सापडलं नाही तर वीज देऊन मोजणं आलं, आणि त्याआधी सिरीज बोर्ड. रेडिओ-टीव्हीच्या जुन्या मेकॅनिकच्या टेबलावर तो हमखास असायचा: एका होल्डरमध्ये तारेचा जुना पिवळा बल्ब, आणि त्याच्याशी सिरीजमध्ये एक सॉकेट. एलईडी बल्ब इथे चालत नाही. बल्बची तार थंड असताना जवळपास वाट मोकळी ठेवते आणि तापली की अडवते. १०० वॅटचा बल्ब पूर्ण पेटला की त्याचा अडथळा पाचशे ओहमच्या वर जातो. अँप सॉकेटला लावून चालू केला की बल्ब क्षणभर लखलखतो, कपॅसिटर भरले की मंदावतो. असं झालं तर आत मोठं शॉर्ट नाही. बल्ब भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि बल्बमुळे अँप जळण्यापासून वाचला. छोट्या अँपला ६० वॅटचा बल्ब पुरतो. फ्यूज उडालेला असेल तर नवा फ्यूज याच बोर्डावर तपासावा. फ्यूजवर लिहिलेला आकडा आणि आधीचं टी हे अक्षर दोन्ही पाळावं. टी म्हणजे सावकाश उडणारा. त्याजागी तांब्याची तार किंवा चांदीचा कागद लावणं म्हणजे ट्रान्सफॉर्मरला फ्यूज करणं.

मीटरचा काळा प्रोब चासीला क्लिपने लावून ठेवावा, म्हणजे एकच हात लागतो. लाल प्रोबने मोठ्या कपॅसिटरवरचं डीसी मोजावं. साध्या अँपमध्ये प्लस आणि मायनस असे दोन सप्लाय असतात आणि ते आकड्याने जवळजवळ सारखे असायला हवेत. ट्रान्सफॉर्मर १२-०-१२ चा असेल तर १२ ला १.४१४ ने गुणून डायोडचे ०.७ वजा केले की साधारण १६ येतात. प्रत्यक्षात एखादा व्होल्ट इकडेतिकडे. एक बाजू १६ आणि दुसरी ३ दिसली तर त्या बाजूचा डायोड, कपॅसिटर किंवा पुढचा एखादा भाग गेलाय. घूंचा संशय असेल तर मीटर एसीवर करून तेच टोक पुन्हा मोजावं. काही वाजत नसताना तिथे मिलिव्होल्टच असायला हवेत. व्होल्टभर एसी दिसलं तर फिल्टर कपॅसिटर संपला. एक सावधगिरी: काही स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीलाही आकडा दाखवतात. प्रोबच्या आधी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये धरला की तो खोटा आकडा जातो. नवा कपॅसिटर घेताना तितक्याच किंवा थोड्या जास्त मायक्रोफॅरडचा, व्होल्टेजला कधीच कमी नसलेला आणि १०५ अंशांचा घ्यावा. प्लस-मायनस उलटा लावला तर तो फुटतो, म्हणून पट्टी दोनदा बघावी.

सप्लाय बरोबर आहे पण आवाज नाही, तर पॉवर अँपच्या आऊटपुटवर डीसी मोजायचं, स्पीकर काढून. ट्रान्झिस्टर अँपला स्पीकरविना चालू ठेवलं तर चालतं. चांगल्या अँपमध्ये इथे शून्याच्या आसपास, फार तर दहा-वीस मिलिव्होल्ट असतात. सप्लायइतकं व्होल्टेज दिसलं तर आतली आयसी शॉर्ट आहे. असा अँप स्पीकर लावून चालू केला तर त्याक्षणी धप् असा आवाज होतो, स्पीकरचा कागद पुढे किंवा मागे ढकलला जाऊन तिथेच राहतो. लगेच बंद करावा. स्पीकरच्या साडेसहा ओहमच्या गुंडाळीवर १६ व्होल्ट डीसी म्हणजे सुमारे ४० वॅटची नुसती उष्णता, आणि पंधरा वॅटचा स्पीकर ती फार वेळ सोसत नाही.

छोट्या अँपमध्ये ही आयसी बऱ्याचदा टीडीए २०३० किंवा तिच्या घराण्यातली असते, पाच पायांची, हीटसिंकला स्क्रूने बसवलेली. तिसऱ्या पायावर मायनस, पाचव्यावर प्लस, चौथा आऊटपुट. वीज काढून आणि कपॅसिटर रिकामे करून चौथ्या पायापासून तिसऱ्या आणि पाचव्यापर्यंत बीप लावून बघावं. कुठेही सरळ बीप वाजला तर ती गेली. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात मिळतात. आयसी फारच स्वस्त मिळाली तर ती खरी नसण्याची शक्यता धरावी आणि ओळखीच्या दुकानातून घ्यावी. बसवताना सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे अभ्रकाचं किंवा रबरी पातळ पान. या आयसीची धातूची पाठ आतून मायनस सप्लायला जोडलेली असते. हीटसिंक चासीला लागलेलं असेल आणि मध्ये पान नसेल, तर चालू करताच शॉर्ट. पान, दोन्ही बाजूंना हीटसिंक पेस्टचा पातळ थर, स्क्रूला प्लॅस्टिकचा वॉशर, आणि मग मीटरने पाठ व हीटसिंक जोडलेले नाहीत याची खात्री. आऊटपुटपासून ग्राउंडकडे जाणारा एक छोटा रेझिस्टन्स आणि कपॅसिटर असतो, तोही बघावा. तो जळालेला राहिला तर नवी आयसी ऐकू न येणाऱ्या वेगाने थरथरत तापते आणि पुन्हा जाते.

पंधरा-वीस मिनिटांनी दबणाऱ्या अँपमध्येही बहुधा याच पेस्टची गोष्ट असते. ती वाळून भुकटी झालेली असते, उष्णता हीटसिंकपर्यंत पोचत नाही, आणि आयसी स्वतःला वाचवायला आवाज तोडते. थंड झाली की पुन्हा वाजते. पेस्ट बदलून पाहावी. तरीही दबला तर चालू बोर्डावर हेअर ड्रायरने एकेका कोपऱ्याला ऊब देत जावं. ज्या कोपऱ्यात ऊब पोचताच आवाज बिघडेल, तिथले टाके पुन्हा घालावेत.

प्रीअँपमधला दोष राहिला. तिथे आठ पायांच्या छोट्या आयसी असतात, ४५५८ किंवा टीएल ०७२. आठव्या पायावर प्लस, चौथ्यावर मायनस, आणि पहिला व सातवा हे दोन आऊटपुट. दोन्ही आऊटपुट शून्याच्या आसपास असावेत. एखादा पाय सप्लायला चिकटला असेल तर ती आयसी बदलायची, आणि बदलताना आठ पायांचं सॉकेट लावायचं. सिग्नल कुठपर्यंत पोचतो हे ऐकायलाही साधा उपाय आहे. मोबाइलमधून ४४० हर्ट्झचा सूर इनपुटला द्यावा. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या स्पीकरच्या केबलला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून त्याचं टोक पायापायावर टेकवत जावं. जिथे सूर थांबला तिथे दोष.

स्पीकर तपासायला वेळ लागत नाही. वायर काढून ओहम मोजावे: ८ ओहमचा स्पीकर मीटरवर सहा-सात दाखवतो, ४ ओहमचा साडेतीनच्या आसपास. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला की कागद टक् करून हलतो. दोन्ही हातांच्या बोटांनी कागद सारखा दाबावा. आत काही घासल्याचं जाणवलं तर गुंडाळी वाकडी झालीये आणि तो स्पीकर बदलणंच बरं. आवाज येतो-जातो, तर कागदाला जाणारी विणलेली तार मुळाशी तुटलीये का बघावं.

आता व्हॉल्व्ह. लिओ फेंडरने १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं, आणि त्याचे अँप त्याच विद्येतून घडले. पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात जेटीएम ४५ तयार झाला तो फेंडरच्या बासमनचं सर्किट समोर ठेवून. म्हणून व्हॉल्व्हचा अँप बिघडला तर जुन्या रेडिओवर हात बसलेला मेकॅनिक तुमच्या गावात असेल, त्याचं दार वाजवा. त्याला हे सर्किट अनोळखी नाही. स्वतः मात्र आत हात घालू नका. तिथे ३०० ते ४५० व्होल्ट डीसी असतं आणि ते प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतं. घरी करण्यासारखं तेवढं बाहेरूनच आहे. स्पीकर जोडल्याशिवाय असा अँप कधीही वाजवू नये, त्याने आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. आवाज घुमत असेल तर पेन्सिलीने व्हॉल्व्हवर हलकी टिचकी मारावी. जो घंटीसारखा वाजेल तो बदलायचा. बंद करून, थंड झाल्यावर, छोटा १२एएक्स७ त्याच नंबरच्या चांगल्या व्हॉल्व्हशी अदलाबदल करून पाहावा. मोठ्या व्हॉल्व्हच्या आतली राखाडी प्लेट लालभडक दिसली तर तत्काळ बंद. मेकॅनिककडे नेताना लक्षणं नेमकी सांगावीत: घूं कोणत्या सुराची, कोणत्या कंट्रोलने बदलते, किती मिनिटांनी सुरू होते. तेवढ्याने त्याचा निम्मा वेळ वाचतो.

आपला ट्रान्झिस्टर अँप दुरुस्त झाला की पुन्हा सिरीज बोर्डावर चालू करावा. बल्ब मंदावला, आऊटपुटवर डीसी नाही, हे बघून बंद करून स्पीकर जोडावा. मग बल्ब काढून सरळ विजेवर, आधी हळू, मग नेहमीच्या आवाजावर तासभर वाजवावा. वाजवून झालं की प्लग काढून हीटसिंकला बोट लावावं. काही सेकंद टेकवता आलं तर ठीक, लगेच उचलावं लागलं तर पेस्ट आणि स्क्रू पुन्हा बघावेत. मोजलेले सगळे आकडे, प्लस, मायनस आणि आऊटपुट, तारखेसह एका कागदावर लिहून तो पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवावा आणि मगच मागचं पॅनल बसवावं.